पोराचे स्केट्स आणि लॅक्रॉसची स्टिक त्याच्या मापाची करून घेताना : माझा अनुभव

फेब्रुवारीतली गोष्ट आहे. रात्रीची आइस हॉकीची प्रॅक्टिस संपवून आम्ही कॅनडातल्या किचनरला घरी चाललो होतो, बाहेर उणे सोळा, आणि मागच्या सीटवरून पोरगा हळूच म्हणाला, "आई, मी हॉकी सोडली तर चालेल?" सहा वर्षांचा असल्यापासून खेळतोय, आता बारावं चालू आहे, टीमची जर्सी घालून झोपणारं पोर. मी म्हटलं का रे, तर काहीच बोलेना. घरी येऊन मोजा काढला तेव्हा कळलं. टाचेची साल निघालेली, घोट्याचं हाड लालभडक आणि पायाच्या वरच्या बाजूला लेसचे आडवे वळ उठलेले, जणू कुणी दोरीने बांधून ठेवलंय. खेळ नकोसा झालाच नव्हता त्याला, स्केट चावत होते. नवी चप्पल चावते ना तसेच, फक्त इथे चार महिने चावत होते आणि मला पत्ता नव्हता. हे अजूनही मला लागून राहिलंय, म्हणूनच एवढं सविस्तर लिहितेय.

चूक माझीच होती. आपल्याकडे वाढत्या अंगाचं घ्यायची सवय असते ना, युनिफॉर्म घ्या, चप्पल घ्या, एक नंबर मोठंच. बुटाचा नंबर ५ म्हणून मी स्केटही ५ नंबरचा घेतला, वर जाड लोकरी मोजा दिला, म्हटलं दोन सीझन जातील. नंतर कळलं की हॉकी स्केट बुटाच्या नंबरापेक्षा साधारण एक ते दीड नंबर लहानच घ्यायचा असतो आणि मोजा पातळ हवा. मोठ्या स्केटमध्ये पाय आत सरकतो, टाच उचलली जाते, मग पोरं लेस करकचून आवळतात, त्याने पाय बधिर होतो आणि टाच तरीही घासायची थांबत नाही. म्हणजे दोन्हीकडून मार.

आधी एका मोठ्या दुकानात गेलो. तिथल्या मुलाने पाय बघितलाच नाही, म्हणाला बेक करून देतो, सैल पडतील. स्केट ओव्हनमध्ये तापवला, घातला, लेस वरच्या दिशेला जोर लावून ओढली आणि पोराला म्हणाला, जरा चालून बघ. चाललं ते. मला तेव्हा काही माहीत नव्हतं म्हणून मी पैसे देऊन बाहेर पडले. पण तापलेला स्केट घालून उभंसुद्धा राहायचं नसतं, बूट मऊ असतो तेव्हा अंगाचं वजन पडलं की टाचेचा आकारच बिघडतो. आणि मुळात मोठ्या मापाचा बूट कितीही तापवला तरी तो मोठाच राहणार.

मग टीममधल्या एका आईने सांगितलं की एका जुन्या अरेनाच्या, म्हणजे बर्फाचं मैदान असलेल्या इमारतीच्या, तळघरात एक म्हातारे गृहस्थ धार लावतात आणि फिटिंगही करतात, त्यांच्याकडे जा. आम्ही घरी त्यांना आजोबाच म्हणतो आता. दुकान म्हणजे आपल्या न्हाणीघराएवढी खोली, ग्राइंडरच्या धुळीचा वास, भिंतीला टांगलेले स्केट्स. ते एका बुटक्या स्टुलावर बसले, पोराचा पाय तळहातावर घेतला आणि पाच मिनिटं नुसता बघत राहिले. अंगठ्याने चवडा दाबला, टाच चिमटीत धरली, घोटा फिरवला. मला एकदम कोल्हापूरची चप्पल लाईन आठवली. माझे आजोबा मला तिथे न्यायचे, कारागीर खाकी कागदावर पाय ठेवायला सांगायचा आणि पेन्सिल पायाभोवती फिरवायचा, करंगळीपाशी गुदगुल्या व्हायच्या. या आजोबांनीही तेच केलं, कागद, पेन्सिल, आणि दोन्ही पायांचं वेगळं माप. डावा पाय उजव्यापेक्षा चार मिलिमीटर लांब निघाला. ते म्हणाले बहुतेकांचा असतोच, माप नेहमी मोठ्या पायाचं धरायचं.

मग माझ्या ५ नंबरच्या स्केटची परीक्षा. पोराने पाय पुढे सरकवून बोटं टेकवली, गुडघे वाकवले, आणि आजोबांनी टाचेमागे बोट घातलं. एक बोट कसंबसं जावं, इथे दोन बोटं आरामात गेली. दुसरी परीक्षा पेन्सिलीची, लेस सैल करून वरून तिसऱ्या भोकांवर पेन्सिल आडवी ठेवायची, ती पायाला न टेकता दोन्ही कडांवर सपाट बसली पाहिजे. पायावर टेकून डुगडुगली तर बूट उथळ आहे. आमची डुगडुगली. म्हणजे बूट लांबीला मोठा आणि खोलीला कमी! पोराच्या पायाची वरची कमान उंच आणि चवडा रुंद, आमच्याकडे सगळ्यांचाच तसा आहे, तर त्याला साडेतीन नंबर पण रुंद, म्हणजे डबल ई मापाचा लागणार होता. नंबर म्हणजे फक्त लांबी, हे मला बारा वर्षं पोराचे बूट घेऊनही माहीत नव्हतं.

जुने स्केट्स सेकंडहँडला विकून नवे घेतले आणि पुन्हा त्यांच्याकडेच गेलो. ओव्हन साधारण ८० डिग्री सेल्सियसला, काही मिनिटंच. पोराला बसवूनच घातले, टाच मागे ठोकून बसवली, आणि लेस वर नाही तर बाजूला ओढायची, कारण तापलेल्या बुटातून वर ओढली तर भोकांच्या रिंगा उपटून येतात. मग पंधरा मिनिटं तसंच बसायचं, गुडघे थोडे पुढे, उठायचं नाही. आणि चोवीस तास बर्फावर जायचं नाही. पोरगा म्हणाला आई, गरम पाण्यात पाय सोडल्यासारखं वाटतंय.

तरी एक जागा राहिलीच. आतल्या बाजूचं घोट्याचं हाड जरा जास्त वर आलेलं आहे त्याचं, तिथे दोन प्रॅक्टिसनंतर पुन्हा लाल झालं. परत गेलो. आजोबांनी मला विचारलं, पर्समध्ये लिपस्टिक आहे का. मी चाटच पडले. त्यांनी त्या हाडावर लिपस्टिकचा ठिपका लावला, अनवाणी पाय स्केटमध्ये घालायला लावला, काढला, तर आत अस्तरावर बरोब्बर त्या जागी लाल डाग. तेवढीच जागा गरम करून त्यांनी एका चिमट्यात धरली, चिमट्याच्या एका बाजूला गोळी आणि दुसऱ्या बाजूला कडं, आणि दाबून ठेवली. बाहेरून बघितलं तर बुटाला वाटाण्याएवढा फुगवटा. एवढाच. पण त्या वाटाण्याने पोराची हॉकी वाचवली असं मी म्हणेन.

आता धारेचं. मला वाटायचं धार म्हणजे सुरीसारखी धार, जितकी जास्त तितकी चांगली. तसं नाहीये. स्केटचं पातं जेमतेम ३ मिलिमीटर जाड, आणि त्याच्या तळाला लांबीभर एक पन्हळ कोरलेली असते. पन्हळीच्या दोन काठांवर पोरं तोललेली असतात. ती पन्हळ किती खोल हे त्या गोलाईच्या त्रिज्येवर ठरतं, अर्धा इंच, ५/८ इंच, ३/८ इंच असे नंबर असतात, आणि आकडा जितका लहान तितकी पन्हळ खोल आणि काठ बर्फात जास्त रुततात. आमच्या पोराची नेहमीची अर्ध्या इंचाची धार. थांबताना पाय असा रुतायचा की तोल जाऊन पडायचं, आणि कोचला वाटायचं याला स्टॉप जमत नाही. आजोबांनी दहा मिनिटं काचेपलीकडून त्याला खेळताना बघितलं आणि ५/८ करून दिली. धार कमी रुतणारी असली की घसरायला जोर कमी लागतो. पहिल्या दिवशी पोरगा कुरकुरला की पाय निसटतायत, तिसऱ्या दिवसापासून दोन्ही बाजूंना बर्फ उडवत थांबायला लागला.

दोन्ही काठ एका उंचीचे आहेत का हे घरी बघायची युक्तीही त्यांनीच दाखवली. स्केट उलटा धरायचा, पात्यावर एक नाणं आडवं ठेवायचं आणि डोळ्यासमोर धरून बघायचं, नाणं एका बाजूला कललं तर एक काठ वर आहे. असे स्केट घातले की पोर एका बाजूला वळतं आणि दुसऱ्या बाजूला घसरतं, आणि आपण पोरालाच ओरडतो. मी आता धार लावून आणली की दरवेळी बघते. पात्याची लांबीकडची गोलाईही बदलून मिळते, तिचं माप फुटात असतं, नऊ फूट, दहा फूट वगैरे, पण वाढत्या वयात तिला हात लावू नका असं ते म्हणाले आणि मी ऐकलं.

एप्रिलमध्ये हॉकी संपली आणि लॅक्रॉस सुरू, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या स्टिकने बॉल झेलायचा-फेकायचा खेळ. भारतातल्या लोकांना सांगावं लागतं की कॅनडाचा हिवाळी राष्ट्रीय खेळ हॉकी आणि उन्हाळी लॅक्रॉस, १९९४ चा तसा कायदाच आहे. आमच्याकडे बॉक्स लॅक्रॉस खेळतात, त्याच अरेनात, बर्फ काढून टाकलेल्या सिमेंटच्या फरशीवर. पायाचा प्रश्न सुटला पण आता हाताचा आला. दुकानातून आणलेल्या तयार स्टिकने पोराचा प्रत्येक पास पायाशी आपटायचा. पोराला वाटलं आपलाच हात वाईट. यावेळी मी लगेच म्हटलं, थांब, आधी स्टिक बघू.

आधी दांडा. लांबीचा नियम कोचना विचारून घेतला, वयोगटाप्रमाणे वेगळा असतो, तो विचारल्याशिवाय कापू नका. मग दोन इंच करवतीने कापला, कानशीने कड घासली आणि रबरी टोपी बसवून वर टेप गुंडाळली, पोकळ धातूचं उघडं टोक कुणाच्याही पोटात लागू शकतं.

खरं काम जाळीचं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीन रात्री गेल्या. दांड्याच्या टोकाला बसणाऱ्या चौकटीला हेड म्हणतात, त्याला वर स्कूप म्हणजे पुढची कड, दोन बाजूंना भोकं पाडलेल्या भिंती, आणि मध्ये मेश म्हणजे जाळी बांधायची, तिच्या वरच्या रांगेत दहा चौकटी. बाजूच्या प्रत्येक भोकाला जाळीची कुठली चौकट बांधायची यावरून बॉल कुठे बसणार ते ठरतं, वर, मध्ये की खाली. माझी आजी बाज विणायची, सुंभाचा एक पदर चुकला की ती अख्खी ओळ उसवायची, आणि मला तेव्हा तिचा राग यायचा. इथे मी उजवीकडे एक चौकट चुकून सोडली होती, दिसायला काहीच फरक नव्हता, पण बॉल दरवेळी डावीकडे जायला लागला. उसवलं सगळं. दुसऱ्यांदा गाठी सैल पडल्या. तिसऱ्यांदा पोराने स्वतः बांधली आणि मी फक्त चौकटी मोजत बसले, ती बरोबर बसली.

नवी जाळी ताठ असते, तिला नव्या बॅटसारखंच ठोकून तयार करावं लागतं. बॉल भरीव रबराचा, १४२ ते १४९ ग्रॅम, क्रिकेटच्या बॉलपेक्षा किंचित हलका. शाळेच्या मागच्या भिंतीवर रोज शंभर थ्रो, दोन आठवडे. आणि वरच्या आडव्या दोऱ्या, शूटिंग स्ट्रिंग्ज म्हणतात त्यांना, तिथेच आमच्या आपटणाऱ्या पासचं उत्तर होतं. त्या जास्त आवळलेल्या होत्या, बॉल त्यांना अडकून उशिरा सुटायचा आणि खाली जायचा. एक दोरी थोडी सैल केली, दहा थ्रो. अजून थोडी, परत दहा थ्रो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने काय झालं ते कळतच नाही. बावीस-तेवीस थ्रोनंतर एक बॉल सरळ भिंतीवर छातीच्या उंचीला लागला आणि पोराने वळून माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मी विसरणार नाही.

जूनमध्ये हॅगर्सव्हिलजवळ सिक्स नेशन्सला, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या वस्तीत, मॅच होती. हा खेळ मूळ त्यांचाच, हॉडेनोशोनी लोकांचा, ते याला निर्मात्याने दिलेला खेळ मानतात, बाळाच्या पाळण्यातसुद्धा छोटी स्टिक ठेवायची रीत आहे. मॅचनंतर तिथल्या एका वयस्कर गृहस्थांनी पोराला त्यांची लाकडी स्टिक हातात दिली. हिकरीचं लाकूड, वाफेवर वाकवलेलं, चामड्याच्या वाद्या, तळहाताच्या जागी घासून काळं तुकतुकीत झालेलं. प्लास्टिकची हेड्स १९७० च्या सुमारास आली, त्याआधी सगळे असल्याच स्टिकने खेळायचे. पोराने ती उचलली, खांद्यावर घेतली आणि म्हणाला, "आई, ही माझ्या हातात बसत नाहीये." त्या गृहस्थांना अर्थ सांगितला तर ते म्हणाले, कशी बसेल, ती माझ्या हाताला बसलीय. मग त्यांनी पोराची स्टिक मागून घेतली, जाळीत अंगठा घालून दाबली, एकेक गाठ बघितली आणि विचारलं, कुणी बांधली? पोराने स्वतःकडे बोट दाखवलं. त्यांनी मान डोलावली, बस. घरी येईपर्यंत गाडीत दुसरा विषय नव्हता.

आता सप्टेंबर लागलाय. परवा रात्री मी खाकी कागद जमिनीवर पसरला, फेब्रुवारीतल्या पेन्सिलीच्या रेषेवर त्याचा पाय ठेवला. अंगठा रेषेच्या बाहेर, पुरा एक सेंटिमीटर. उभं राहून घातले तर स्केटमध्ये बोटं दुमडतायत, म्हणजे हेही गेले. नवी रेष ओढली, शेजारी तारीख लिहिली, कागद परत फ्रीजवर लावला. शनिवारी सकाळी आजोबांकडे जायचंय, पातळ मोजे धुऊन ठेवलेत आणि लिपस्टिक पर्समध्ये आहे.