तुम्ही विचारलंत म्हणून : झेंडावंदनाला शहिदांची नावं कशाला?

“बाई, एवढ्या आनंदाच्या दिवशी गेलेल्यांची नावं कशाला वाचायची?” 26 जानेवारी जवळ आली की हा प्रश्न मला हमखास येतो. पालक विचारतात, नव्याने बदली होऊन आलेले शिक्षक विचारतात. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत राष्ट्रगीत झालं की भाषणांच्या आधी मुलं तालुक्यातल्या शहीद जवानांची नावं वाचतात. हुद्दा, पूर्ण नाव, पलटण, गाव, साल. बस्स, एवढंच.

कारण सांगते. आमच्याकडच्या काही जुन्या गावांत भिंतीत बसवलेली एखादी दगडी पाटी अजून दिसते. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने लावलेली. या गावातून 1914 ते 1919 च्या लढाईवर इतके जण गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, असा मजकूर. आकडा आहे, नाव एकाचंही नाही. आमच्याच जिल्ह्यातलं अपशिंगे, कागदोपत्रीसुद्धा ‘अपशिंगे मिलिटरी’, तिथले 46 जण त्या युद्धात कामी आले. एका गावातले 46! त्यांतला कुणाचा नांगर अर्ध्यावर राहिला असेल, कुणाचं लग्न ठरलं असेल. आज आपल्या हाती उरला तो आकडा. ते मला फार लागतं.

दिल्लीला राष्ट्रीय युद्ध स्मारकात गेले तेव्हा हेच मनात होतं. 1972 च्या प्रजासत्ताक दिनापासून इंडिया गेटखाली अमर जवान ज्योती तेवत होती, पण स्वतंत्र भारताच्या लढायांत पडलेल्या सगळ्यांची नावं एका जागी वाचता येतील असं राष्ट्रीय स्मारक उभं राहायला फेब्रुवारी 2019 उजाडलं. फार उशीर झाला, असं मी स्पष्ट म्हणते. तिथल्या त्यागचक्रात गोल भिंती आहेत आणि ग्रॅनाइटवर एकेकाचं नाव कोरलंय, 25 हजारांहून जास्त. इंडिया गेटवरची नावं मान वर करून शोधावी लागतात, इथे हात लावता येतो. मी ‘मराठा लाइट इन्फन्ट्री’ शोधत फिरले, आणि आपल्याकडची आडनावं दिसायला लागली तशी पुढे सरकवेना. 2020 पासून 26 जानेवारीच्या सकाळी पंतप्रधान संचलनाआधी इथेच पुष्पचक्र वाहतात. म्हणजे दिवसाची सुरुवात आधी त्यांच्यापासून, मग बाकी सोहळा. शाळेत आम्ही तोच क्रम धरलाय.

पहिल्या वर्षी यादी सरकारी कागदावरून घेतली होती. आडनाव आधी, वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. सातवीतल्या मुलाकडून आदल्या दिवशी वाचून घेत होते, तेव्हा एक वीरमाता ओट्यावर बसून ऐकत होत्या. त्यांच्या मुलाचं नाव आलं तशा म्हणाल्या, “असं नको वाचू, बाळा. आधी त्याचं नाव घे, मग त्याच्या बापाचं सगळं नाव घे, मग आडनाव. घरात हाक मारल्यागत वाटलं पायजे.” मुलाने तसं म्हणून दाखवलं. त्यांनी ते त्याच्याकडून परत म्हणून घेतलं, अगदी पाढे घोटून घेतात तसं, आणि मगच उठल्या. तेव्हापासून यादीतलं प्रत्येक नाव त्या-त्या घरी जाऊन विचारल्याशिवाय आम्ही लिहीत नाही. या निमित्ताने मुलं त्या घरांचा उंबरा चढतात. शाल-नारळाच्या सत्कारापेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं, कारण सत्कार दहा मिनिटांत आटोपतो आणि पुढच्या वर्षापर्यंत तिकडे कुणी फिरकत नाही.

तालुक्याबाहेरची दोन-तीन नावंही आम्ही घेतो. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक, नोव्हेंबर 2015, काश्मीरमधलं कुपवाडा. त्यांच्यामागे त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक स्वतः लष्करात अधिकारी झाल्या, हे ऐकताना मुलींच्या रांगा ताठ होतात. केडंब्याचे तुकाराम ओंबळे तर पोलीस. 26/11 च्या रात्री हातात फक्त लाठी असताना त्यांनी कसाबची रायफल धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर झेलल्या. आणि रायगडमधल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे. 10 जुलै 1944, इटली. तुकडीतले सोबती पडले तरी शत्रूच्या मशीनगनवर एकटे चालून गेले, ठाणं घेतलं आणि तिथेच मारले गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नाही, इटलीतल्या कसिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे.

आनंदाच्या दिवशी दुःख कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांना मी एवढंच सांगते की मुलं उदास होत नाहीत. नावं संपली की ‘भारत माता की जय’ म्हणताना त्यांचा आवाज जो चढतो, तो एरवी कितीही सराव घेतला तरी चढत नाही. मग खाऊ वाटतो, लेझीम होतं, सगळं होतं.

तुमच्या शाळेत किंवा सोसायटीत हे करायचं असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. 7 डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाला निधी द्यायला गेलात तर तेव्हाच विचारा, म्हणजे जानेवारीपर्यंत हाताशी वेळ राहील. मग घरोघर जा आणि नाव कसं घ्यायचं ते घरच्यांकडूनच ऐका.