भिंतभर व्हॅन गॉग आणि आईचे प्रश्न

"तिथे एकही खरं चित्र नाहीये, सगळं प्रोजेक्टरवर, त्यापेक्षा तेवढ्या पैशात मस्त जेवून ये" हे मला व्हॅन गॉग या डच चित्रकाराच्या इमर्सिव्ह प्रदर्शनाला जायच्या आधी बऱ्याच जणांनी ऐकवलं. लंडनमध्ये राहताना हे जास्तच ऐकावं लागतं कारण इथे ट्रॅफल्गर स्क्वेअरला नॅशनल गॅलरीत त्याची खरी सूर्यफुलं आहेत आणि ती बघायला एक पैसा लागत नाही, मग वीस पौंडांच्या वर देऊन भिंतीवरचा उजेड कशाला बघायचा. मुद्दा काही चुकीचा नाही. पण आई साताऱ्याहून आलेली, गुडघे दुखतात, म्युझियममध्ये तासन्‌तास उभं राहणं तिला जमत नाही, आणि चित्रं बघायला जायचं म्हटलं की "मला त्यातलं काय कळतंय" हे तिचं ठरलेलं. इथे निदान बसायला मिळणार होतं. म्हणून तिकिटं काढली आणि गेलो, आणि आता मला त्याबद्दल लिहायचंच आहे कारण घरी आल्यापासून डोक्यात तेच चालू आहे.

ज्यांनी असलं काही बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आधी एक-दोन खोल्यांमध्ये त्याच्या आयुष्याची माहिती, पत्रांचे फोटो, चित्रांच्या छापील प्रती, फ्रान्समधल्या आर्ल्स गावातल्या त्याच्या बेडरूमची एक खरीखुरी मांडलेली खोली जिथे लोक खुर्चीवर बसून फोटो काढतात, आणि मग मोठा हॉल. तिथे चारही भिंती आणि खालची जमीन, सगळीकडे चित्रं पसरतात, हलतात, एकातून दुसरं उमलतं, संगीत चालू असतं. तुम्ही खुर्चीत नाहीतर खाली गालिच्यावर बसायचं. बदामाच्या फुलांचं चित्र आलं तेव्हा पाकळ्या जमिनीवरून वाहायला लागल्या आणि एक तीन-चार वर्षांचं पोर त्या पकडायला पळत सुटलं. आईच्या फिक्या साडीवर आयरिसची जांभळी-निळी फुलं सरकत गेली तर ती मांडीवर हात ठेवून ती फुलं जाईपर्यंत बघत बसली.

पण आई खरी थांबली ती बटाट्याच्या चित्रापाशी. द पोटॅटो इटर्स, १८८५, नेदरलँड्समधलं न्यूनेन गाव, कंदिलाच्या उजेडात एक शेतकरी कुटुंब एकाच थाळ्यातले उकडलेले बटाटे खातंय. मूळ चित्र साधारण ८२ बाय ११४ सेंटिमीटरचं, इथे ते भिंतीएवढं झालेलं, आणि एक एक हात माणसाएवढा. आई म्हणाली, "बोटं बघ, सांधे कसे सुजलेत, ही शेतात राबलेली माणसं आहेत." तिच्या माहेरी अजून शेती आहे, तिला हे कुणी सांगावं लागत नाही. आणि गंमत म्हणजे व्हिन्सेंटने, म्हणजे व्हॅन गॉगने, भावाला, थिओला, पत्रात अगदी हेच लिहिलंय की ज्या हातांनी ही माणसं ताटात हात घालताहेत त्याच हातांनी त्यांनी ती जमीन उकरली आहे, हे मला दाखवायचंय. त्यासाठी त्या हिवाळ्यात त्याने गावातल्या लोकांचे चेहरे आणि हात किती वेळा गिरवले असतील त्याला गणतीच नाही. मी हे आईला सांगितल्यावर ती "मग बरोबर काढलंय त्याने" एवढंच म्हणाली. "मला त्यातलं काय कळतंय" हे त्या दिवसात परत आलं नाही.

या चित्राची अजून एक गोष्ट आहे जी मला फार महत्त्वाची वाटते. व्हिन्सेंटने त्याचं लिथोग्राफ म्हणजे शिळाछाप पण केलं होतं आणि ते अँथॉन व्हान रापार्ड नावाच्या चित्रकार मित्राला पाठवलं. मित्राने त्या छापावरूनच इतकी सडकून टीका केली की त्यांची मैत्री तुटली. म्हणजे या माणसाच्या आयुष्यात मूळ चित्र आणि छापील प्रत ही भानगड अगदी सुरुवातीपासून आहे. आणि म्हणूनच "एकही खरं चित्र नाही" असं कुणी नाक मुरडून म्हटलं की मला व्हिन्सेंटची बाजू घ्यावीशी वाटते, कारण हा माणूस स्वतः प्रतींवर वाढलेला आहे हो!

बघा ना. १८६९ मध्ये, सोळाव्या वर्षी, तो गूपिल या कंपनीत नोकरीला लागला, आणि गूपिलचा मोठा धंदाच प्रसिद्ध चित्रांच्या छापील प्रती विकण्याचा होता. १८७३ मध्ये त्याची बदली लंडनला झाली, कॉव्हेंट गार्डनजवळ साउदॅम्प्टन स्ट्रीटवर ऑफिस, आणि राहायला काही काळ स्टॉकवेलकडे हॅकफर्ड रोडवर, तिथे आज घरावर निळी पाटी आहे. रोज चालत ऑफिसला जायचा. द ग्राफिक आणि इलस्ट्रेटेड लंडन न्यूज या साप्ताहिकांमधली खाणकामगार, म्हातारे, अनाथ मुलं, रांगेत उभे असलेले गरीब यांची लाकडी ठशांवरून छापलेली काळीपांढरी चित्रं त्याला इथेच भेटली, आणि पुढे नेदरलँड्समध्ये हेग शहरात स्वतः चित्र काढायला लागल्यावर त्याने ग्राफिकचे दहा वर्षांचे जुने खंड विकत घेतले, खिशात दमडी नसताना. कापून, पुठ्ठ्यावर चिकटवून, विषयवार लावून ठेवायचा. ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियममध्ये त्याने जमवलेली असली जवळजवळ १४०० चित्रं आहेत. तीच त्याची शाळा. हेगलाच १८८२ मध्ये त्याच्या डोक्यात होतं की कामकरी माणसांची लिथोग्राफं करायची, स्वस्तात, म्हणजे ती कामकऱ्यांच्याच घरात लागतील. ते काही झालं नाही, पण इच्छा तीच होती.

पॅरिसला गेल्यावर जपानी छापचित्रांचं वेड. १८८६-८७ च्या हिवाळ्यात त्याने साडेसहाशेच्या आसपास घेतली, तेव्हा ती अगदी स्वस्त मिळायची. जपानला तो कधीच गेला नाही. त्याचं ते किमोनोतल्या बाईचं चित्र आहे ना, ते तर पॅरी इलुस्त्रे नावाच्या मासिकाच्या मे १८८६ च्या अंकाच्या कव्हरवरून घेतलेलं आहे, म्हणजे जपानी चित्राची मासिकात छापलेली प्रत आणि त्या प्रतीवरून याची प्रत. ट्रेसिंग पेपरवर चौकटी आखून मोठं केलं. आपण शाळेत ड्रॉइंगसाठी कॅलेंडरवरचं चित्र चौकटी आखून मोठं करायचो, सरांनी शिकवलेलं, अगदी तसंच. ते ट्रेसिंग अजून जपून ठेवलंय.

आणि सगळ्यात भारी भाग दक्षिण फ्रान्समधल्या साँ-रेमीचा. मे १८८९ पासून वर्षभर तो तिथल्या मनोरुग्णालयात होता, आणि झटका आला की बाहेर जाऊन चित्र काढणं बंद व्हायचं. मग थिओने पाठवलेल्या मिले या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांच्या काळ्यापांढऱ्या प्रती समोर ठेवून तो त्या तैलरंगात करायचा, वीसेक केल्या. पेरणारा शेतकरी, कापणी करणारे, मेंढ्यांची लोकर कातरणारी बाई. दुपारी गवताच्या गंजीच्या सावलीत झोपलेलं जोडपं आहे ना, ते पिवळं-निळं चित्र, ते पण त्यातलंच, आज पॅरिसला ऑर्से म्युझियममध्ये आहे. मिलेच्या मूळ चित्राशी ताडून बघितलं तर ते आरशात बघितल्यासारखं उलटं आहे, कारण व्हिन्सेंटसमोर मूळ चित्र नव्हतंच, छाप होता. मूळचे रंग समोर नाहीत, मग रंग याचे. त्याने थिओला लिहिलं की एखादा वादक बीथोव्हेनची रचना वाजवतो तेव्हा तो त्यात आपलं काहीतरी घालतोच, मी पण तेच करतोय. आपल्याकडे बंदिश कुणाची आणि गायली कुणी हे दोन्ही आपण सहज सांगतो, आपल्याला तर हे चटकन पटायला पाहिजे.

हे आठवलं की मला आजीच्या घरातली राजा रविवर्माची लक्ष्मी आठवते. रविवर्मा व्हिन्सेंटपेक्षा पाच वर्षांनी मोठे, १८४८ चे, आणि १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. मूळ तैलचित्रं राजवाड्यांत राहिली आणि छापील लक्ष्मी-सरस्वती घराघरात आल्या. आजीने मूळ चित्र कधी पाहिलं नव्हतं म्हणून तिचा नमस्कार खोटा होता का? तर प्रोजेक्टरवरचं चित्र बघून आईला जे कळलं तेही मला खोटं वाटत नाही.

आता माझी तक्रार पण सांगते, कारण मी काही सगळंच छान होतं म्हणायला बसले नाहीये. ही प्रदर्शनं व्हिन्सेंटला फार घाईत वेडा करून टाकतात. कापलेला कान, झटके, गव्हाच्या शेतावरच्या कावळ्यांचं चित्र, धाडकन संगीत, अंधार. कावळ्यांचं चित्र शेवटचं नाहीच म्हणतात अभ्यासक, झाडांच्या मुळांचं एक अर्धवट राहिलेलं चित्र आहे ते शेवटचं असावं, २०२० मध्ये तर एका जुन्या पोस्टकार्डावरून पॅरिसजवळच्या ऑव्हेर गावातली ती नेमकी जागा पण ओळखली गेली. इतका हिशेबाने, पत्रात रंगांची यादी लिहून काम करणारा माणूस, २७ व्या वर्षी चित्रकार व्हायचं ठरवलं आणि ३७ व्या वर्षी गेला, मधल्या दहा वर्षांत साडेआठशेच्या वर तैलचित्रं, हे वेडाच्या भरात होत नाही, हे रोज उठून काम केल्याने होतं. ही मेहनत त्या हॉलमध्ये फारशी दिसत नाही.

दुसरं रंगांचं. बेडरूमच्या मूळ चित्रातल्या भिंती आज निळ्या दिसतात, पण व्हिन्सेंटने पत्रात फिक्या जांभळ्या लिहिल्या आहेत आणि रंगवल्याही तशाच होत्या. त्याने वापरलेला लाल रंग उजेडाने उडाला आणि मागे निळा राहिला. बदामाची फुलं आज पांढरी आहेत, ती जास्त गुलाबी होती. आयरिसही जास्त जांभळे होते. आता मूळ चित्राला तर कुणी ब्रश लावू शकत नाही, लावूही नये. पण प्रोजेक्टरला काय हरकत आहे? डिजिटलची खरी ताकद इथे आहे! आजची निळी भिंत दाखवा आणि मग हळूहळू तिच्यातला लाल परत आणा, त्याच्या डोळ्यांना दिसली तशी जांभळी खोली लोकांना बघू द्या. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने २०१६ मध्ये त्याच्या बेडरूमच्या तिन्ही चित्रांचं प्रदर्शन केलं होतं तेव्हा असं डिजिटल काम झालं होतं, म्हणजे अशक्य काहीच नाही. त्याच्या स्टारी नाइट चित्रातल्या चांदण्या गरागरा फिरवण्यापेक्षा हे कितीतरी मोठं आहे आणि ते न केल्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि तिसरं म्हणजे जो. जो बोंगर, थिओची बायको. हॉलमधून बाहेर आल्यावर आईचा पहिला प्रश्न हाच, "हे दोघे भाऊ एवढ्या लवकर गेले तर ही चित्रं सांभाळली कुणी?" इतका साधा प्रश्न आणि सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. व्हिन्सेंट २९ जुलै १८९० ला गेला, थिओ २५ जानेवारी १८९१ ला. जो तेव्हा २८ वर्षांची, लग्नाला दोन वर्षंही झालेली नाहीत, कडेवर एक वर्षाचं पोर, ज्याच्या जन्मासाठी व्हिन्सेंटने ती बदामाची फुलं काढली होती. घरात शेकडो चित्रं ज्यांना गिऱ्हाईक नाही. तिने बुसम गावात जाऊन पाहुण्यांना खोल्या द्यायचा व्यवसाय केला, भिंतींवर ती चित्रं लावली, आणि एकेक प्रदर्शन, एकेक विक्री विचार करून केली. १९०५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलाइक म्युझियममध्ये ४८० च्या वर कामांचं प्रदर्शन तिने भरवलं, १९१४ मध्ये भावाभावांची पत्रं छापली. पत्रं छापली नसती तर हे प्रदर्शनवाले गोष्ट कुठून सांगणार होते? मला तिच्यासाठी एक अख्खी भिंत हवी होती.

पुढच्या रविवारी आईच म्हणाली की ती फुकटवाली गॅलरी दाखव. एका खोलीपुरतं जायचं ठरवून गेलो. सूर्यफुलांसमोर गर्दी असते, पण तिला पुढे जागा मिळाली, आणि ती पाच-दहा मिनिटं फक्त फुलांच्या मधल्या बियांच्या जागी रंग कसा जाड, दाणेदार लावलाय ते बघत होती, फुलदाणीवरची व्हिन्सेंट ही सही तिने मला दाखवली. भिंतीवर ते एवढं मोठं बघितलं होतं म्हणून ती इथे काय शोधायचं ते माहीत असल्यासारखी बघत होती असं मला वाटलं. मग मी तिला सांगितलं की हे चित्र १९२४ मध्ये जोनेच या गॅलरीला दिलं, द्यायला मन होत नव्हतं कारण ते तिच्या घरातलं रोजचं चित्र होतं, पण व्हिन्सेंटचं नाव व्हावं म्हणून शेवटी विकलं. पुढच्याच वर्षी ती गेली, शेवटपर्यंत त्या पत्रांचं इंग्रजी भाषांतर करत होती.

ती सगळी पत्रं आता व्हॅन गॉग म्युझियमने नेटवर फुकट ठेवली आहेत, इंग्रजीतून, चित्रांसकट. रात्री जेवणं झाली की मी आईला एखादं मराठीत सांगत वाचून दाखवते. सध्या आम्ही हेगला आहोत, १८८२ मध्ये, मॉडेलला द्यायला पैसे नाहीत. मी रंगाबद्दल, रेषेबद्दल वाचायला लागले की आई मला थांबवते, "ते नंतर वाच, आधी बघ थिओचे पैसे आले का."