मेडिकल स्पॅनिश: साठ-सत्तरचा पेच सुटला!

मागच्या नोंदीपासून गाडी तिथेच अडली होती: सेसेंता आणि सेतेंता, म्हणजे ६० आणि ७०. बोलायला, वाचायला काहीच अडचण नाही. पण कोणी भरभर बीपी सांगितलं की खालचा आकडा कुठला ते कळेना. गप्पांत चालून जाईल, केसपेपरवर कसं चालेल?

दोन्हींत फरक फक्त मधल्या ‘स’ आणि ‘त’चा. मे महिन्यात जळगावात कूलर बंद करून अभ्यास होत नाही आणि त्या घरघरीत नेमका ‘स’ बुडतो. हेडफोन बदलला, फरक शून्य. मग ‘स’चा नाद सोडून ‘त’ पकडायला लागले. ‘त’ म्हणताना जीभ दाताला टेकते आणि आवाज क्षणभर तुटतो. पहिल्या ‘से’नंतर आवाज तुटला की ७०, सलग राहिला की ६०. कूलर फुल असला तरी ओळखू येतं! काल रात्री अँकीतले (फ्लॅशकार्डांचं ॲप) सगळे आकडे एका दमात बरोबर आले, इतका आनंद झाला म्हणून सांगू. कार्डांवर आता अक्षर ठेवलेलंच नाही, नुसता आवाज. माझ्या मते अँकीला तोड नाही. पैसे भरून घेतलेल्या एका कोर्समध्ये अवयवांची चित्रं ढीगभर आणि आकडे एका धड्यात उरकलेले. नर्सिंगवाल्यांनी आकड्यांचे धडे बघूनच कोर्स घ्यावा.

‘मे दुएले ला काबेसा’ (माझं डोकं दुखतंय) मात्र लगेच बसलं. अहिराणीतलं ‘मनं डोकं दुखस’ ऐकत वाढलेल्यांना दुखणारा अवयवच कर्ता असणं नवीन नाही.

आता नवीनच निघालंय. स्पेनच्या एका रेकॉर्डिंगमध्ये पेशंट बीपी सांगतो ‘दोसे ओचो’, बारा-आठ! तिकडे बोलताना १२०/८० ला सर्रास असंच म्हणतात, पाऱ्याच्या मिलिमीटरऐवजी सेंटिमीटर धरून. म्हणजे ६०-७० च्या जागी नुसते सेइस आणि सिएते, आणि त्यांत गोंधळ होतच नाही. मग आपणही खात्री करताना अंक सुटेच का विचारू नयेत? ‘सेइस सेरो ओ सिएते सेरो?’ (सहा शून्य की सात शून्य?)

देले या स्पॅनिशच्या परीक्षेच्या ए२ पातळीसाठी या महिन्यात भूतकाळ घेणार होते, तो पुढे ढकलते. आधी ‘मे लो रेपिते, पोर फावोर?’सारखी अदबीने परत विचारायची वाक्यं. कोलंबियाच्या मैत्रिणीला बीपी-शुगरचे आकडे भरभर बोलून व्हॉइस नोट पाठवायला सांगितलंय, शक्यतो पंख्याखाली बसून.