मोकी डगवे आणि नकाशावरची रेघ

अमेरिकेतल्या युटा राज्यातला मोकी डगवे नावाचा घाटरस्ता चढताना बायको डोळे गच्च मिटून बसली होती, कारण दरीच्या बाजूला धड कठडा नाही, डांबर नाही, 3 मैल नुसती खडी आणि वळणं, आणि मी भाड्याच्या गाडीच्या इन्शुरन्सचा हिशोब करत लो गिअरमध्ये. वर पोचल्यावर कळलं की हा रस्ता 1950 च्या दशकात युरेनियमचं खनिज ट्रकने मेक्सिकन हॅट नावाच्या गावाजवळच्या कारखान्यात न्यायला खोदलाय. भरलेले ट्रक, याच वळणांवरून!

युटाचा हा कोपरा म्हणजे बेअर्स इअर्स, उत्तरेला खरंच अस्वलाच्या कानांसारखे दोन डोंगर दिसतात. सीडर मेसा या पठारावर एका कड्याखाली जुनं धान्याचं कोठार बघितलं, दगडांमधल्या गाऱ्यात लिंपणाऱ्याच्या बोटांचे ठसे अजून स्पष्ट. होपी, नवाहो, झुनी आणि दोन यूट जमातींनी मिळून हा भाग जपायची मागणी लावून धरली, मग 2016 च्या डिसेंबरात ओबामांनी 1906 च्या अँटिक्विटीज अ‍ॅक्ट या कायद्याखाली साडेतेरा लाख एकर सरकारी जमिनीचं नॅशनल मॉन्युमेंट, म्हणजे संरक्षित क्षेत्र केलं. वर्षभरात ट्रम्पनी त्यातलं 85 टक्के काढून टाकलं, 2021 मध्ये बायडननी परत जोडलं. मॉन्युमेंट असलं की नवीन खाणीचा दावा लावता येत नाही, खरी मेख तिथे आहे.

रात्री खाली व्हॅली ऑफ द गॉड्समध्ये तंबू टाकला, बुकिंग नाही, पैसे नाहीत, सरकारी म्हणजे सगळ्यांची जमीन. गंमत म्हणजे 2017 ते 2021 ही जागा मॉन्युमेंटच्या नकाशावरच्या रेघेबाहेर होती. आम्ही झोपलो त्या लाल दगडाला काय पत्ता म्हणा!

शेजारी आयडाहोचा एक म्हातारा शिकारी, पिकअपमध्येच झोपणारा. टोपी बघून मी मनात तो रिपब्लिकन असं ठरवून टाकलं, आणि बरोबरच निघालं, पण 2025 च्या जूनमध्ये युटाचेच रिपब्लिकन सेनेटर माईक ली यांनी पश्चिमेकडच्या राज्यांतली वीसेक लाख एकरांहून जास्त सरकारी जमीन विकायचा प्रस्ताव बजेटच्या बिलात घुसवला तेव्हा याने आपल्या सेनेटरच्या ऑफिसात तीन वेळा फोन केला होता. शिकारी, मासे पकडणारे, ट्रेकर सगळेच एका सुरात ओरडले आणि महिना संपायच्या आत प्रस्ताव मागे घेतला गेला.

मी म्हटलं, मग सुटलात. तो कॉफी ढवळत म्हणाला, नंबर अजून डिलीट नाही केलाय.