क्रिएटिनिन नॉर्मल, पण पोट ९८ सेंटीमीटर

आज नाशिकजवळच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांच्या वार्षिक तपासणीचे रिपोर्ट चाळले. बहुतेकांचं क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) नॉर्मल आणि शेरा 'किडनी ठीक'. इतक्या घाईने असं लिहू नये. किडनीची निम्मी ताकद जाईपर्यंत क्रिएटिनिन बऱ्याचदा हलतही नाही.

आता पोटाचा इथे संबंध काय? पोटातली चरबी नुसती साठून राहत नाही. चरबीच्या पेशी फुगल्या की तिथे मॅक्रोफेज या संरक्षक पेशी जमतात, टीएनएफ-अल्फा, आयएल-६ असे दाह वाढवणारे पदार्थ रक्तात सोडतात. लेप्टिन हे चरबीतून येणारं हार्मोन वाढतं. अ‍ॅडिपोनेक्टिन हे चरबीतलंच दुसरं हार्मोन घटतं, आणि किडनीच्या गाळणीला वेढून असणाऱ्या पोडोसाइट पेशींना जपणारं तेच असतं. दुसरीकडे वाढलेल्या शरीराचं रक्त गाळायला गाळण्या तेवढ्याच, एका किडनीत सुमारे १० लाख. मग प्रत्येक गाळणी ताणून मोठी होते. पोडोसाइट सहसा विभागून वाढत नाहीत. ताण आणि दाह दोन्ही सोसत एकेक सुटतात, आणि तिथून अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन लघवीत गळतं. शुगर नसली तरी हे होतं, बरं का!

म्हणून पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या वर, बाईची ८०च्या वर असेल तर लघवीची एसीआर करा, म्हणजे अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांच्या प्रमाणाची तपासणी. साध्या लघवी तपासणीत थोडं अल्ब्युमिन निसटतं. नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा. ताप, लघवीचा संसर्ग, पाळी किंवा आदल्या दिवशी जोरदार व्यायाम असेल तर थांबा, नाहीतर आकडा उगाच फुगतो. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर आला तर तीन महिन्यांत पुन्हा करून खात्री करा. वजन ५ ते १० टक्के उतरलं तरी गळती कमी होते.

आणि गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून परस्पर डायक्लोफिनॅक घेणं आधी बंद, ही वेदनाशामक गोळी किडनीला त्रास देते.