आडवी पडली तर उठवता येईल ती

"लडाखला जायचंय, कोणती गाडी घेऊ?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारतात, पेट्रोल पंपावर विचारतात, आणि ऑफिसातल्या नव्या मुलांची तर माझ्याशी ओळखच त्यावरून होते. विचारणाऱ्याच्या मनात गाडी बहुतेक ठरलेली असते. रंगसुद्धा. मी फक्त मान डोलवायची असते. मी उलट विचारते: ती गाडी मातीत आडवी पडली, तर तुम्हाला एकट्याला उठवता येते का?

लोक हसतात. सीसी, बीएचपी, टॉर्क, स्क्रीनवर नकाशा दिसतो की नाही, हे सगळं पाठ असतं. वजन किती म्हटलं की फोन काढतात. माझी उंची पाच फूट दोन इंच, त्यामुळे वजन आणि सीटची उंची हे दोन आकडे मला पहिल्यापासून बघावेच लागले. उंच्यापुऱ्या माणसांनाही ते डोंगरात गेल्यावर बघावे लागतात, पण तोवर गाडीचे हप्ते सुरू झालेले असतात.

घाटात सुसाट जाऊन पडणारेही आहेत, त्यांच्याविषयी मी बोलत नाही. नीट चालवणाऱ्याची गाडी डोंगरात पडते ती बहुतेकदा उभ्या-उभ्या. अरुंद वळणावर समोरून ट्रक आला, तुम्ही कडेला थांबलात, पाय टेकवायला गेलात आणि पायाखाली खड्डा निघाला. नाल्यात पुढचं चाक गोट्याला अडलं आणि इंजिन बंद पडलं. खडीवर गाडी मागे वळवायला गेलात. एका कोनापर्यंत गाडी मांडीवर पेलता येते. त्यापलीकडे झुकली की पैलवानालाही सोडावीच लागते, आणि सोडावीच, नाहीतर कंबर जाते.

उठवायची रीत आहे, ती ताकदीवर फारशी अवलंबून नाही. आधी इंजिन बंद. बांधलेलं सामान उतरवायचं. इथे सगळे आळस करतात. गाडी गिअरमध्ये टाकायची म्हणजे चाक फिरत नाही, आणि उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा, नाहीतर उठवलेली गाडी थेट पलीकडे कोसळते. हँडल पूर्ण वळवायचं. मग सीटला पाठ लावून खाली बसायचं, एक हात हँडलवर, दुसरा मागच्या दांडीला किंवा चेसीला, पाठ ताठ, आणि पायांच्या जोरावर छोटी-छोटी पावलं टाकत मागे सरकायचं. घरच्या अंगणात जमतं. 16,000 फुटांवर बारालाचा लाच्या (ला म्हणजे डोंगरातली खिंड) आसपास एकदा जमलं तरी नंतर दहा मिनिटं दगडावर बसून धापा टाकाव्या लागतात. त्याच दिवशी दुसऱ्यांदा पडली, तर येणाऱ्या ट्रकवाल्याची वाट बघायची. तिथले ट्रकवाले थांबतात, हे त्यांचं मोठेपण. शोरूमवाला टेस्ट राइड देतो, पाडून बघू देत नाही. म्हणून मित्राची तीच गाडी मागा, खाली जुनी गादी टाका आणि पाडून उचलून बघा. मित्र टिकला तर गाडीही टिकेल.

आता इंजिनाचं. गाडी पेट्रोलवर चालते असं आपण म्हणतो, पण एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण पंधरा ग्रॅम हवा लागते. लेहजवळच्या खर्दुंग लावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. (तिथल्या पिवळ्या पाटीवर वर्षानुवर्षं 18,380 फूट लिहिलेलं होतं आणि टी-शर्टांवर अजून तेच छापतात, मोजमापात ती खिंड 17,582 फूट भरते. जगातला सर्वात उंच रस्ता हा मान तर उमलिंग लाने 19,024 फुटांवर कधीच पळवला, आणि 2025 पर्यंत तो त्याच्याकडे होता.) दर हजार फुटांना इंजिनाच्या उरलेल्या ताकदीतली सुमारे तीन टक्के जाते असा ढोबळ हिशेब धरला, तर खर्दुंग लावर हाती निम्म्याच्या जरा वर उरते. शोरूममधली 40 पीएसची (म्हणजे अश्वशक्तीची) गाडी वर बावीस-तेवीसची होते. कुठल्याही कंपनीची असो, टर्बो नसलेल्या प्रत्येक इंजिनाचं हेच होतं. गाडी ओढत नाही म्हणून घाबरून वर मेकॅनिक शोधत बसू नका, एक गिअर खाली टाका.

कार्ब्युरेटरच्या गाड्यांचं दुखणं वेगळं होतं. हवा विरळ झाली तरी जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रातून, पेट्रोल पूर्वीच्याच हिशेबाने येत राहायचं, म्हणून प्लग काळा पडायचा, गाडी मिसिंग मारायची. मग कोणी जेट बदलायचे, तर कोणी सरळ एअर फिल्टर काढून टाकायचे आणि मनाली-लेह रस्त्यावरच्या मोरे मैदानातली सगळी धूळ इंजिनाला पाजायचे. फ्युएल इंजेक्शन आलं आणि सेन्सर दाब बघून पेट्रोल कमी करू लागला. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराचे नियम लागू झाल्यावर इंजेक्शन जवळजवळ सगळ्या मोटारसायकलींत आलं. नवी गाडी घेण्याचा डोंगरातला खरा फायदा मला विचाराल तर हाच आहे, आणि तो एक लाखाच्या गाडीतही मिळतो, चार लाखांच्या गाडीतही.

आता गाड्यांची नावं घेते, नाहीतर तुम्ही म्हणाल टाळते आहे. रॉयल एनफिल्डची हिमालयन 2016 साली 411 सीसीची आली आणि नोव्हेंबर 2023 मध्ये 452 सीसीची, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची नवी आली. नवीचा दम 40 पीएस, टाकी 17 लिटर, वजन 196 किलो. लांबच्या पल्ल्याला, म्हणजे पुण्याहून थेट चालवत जाणाऱ्याला, दोन हजार किलोमीटर महामार्गच कापायचा असतो; त्याला ती शोभते. तिची सीट 825 मिलिमीटरपासून सुरू होते. माझ्यासारख्या बुटक्या माणसाचे तिथे चवडेच टेकतात, आणि चवड्यांवर 196 किलो तोलणं हा पाय मुरगळण्याचा उत्तम उपाय आहे. क्लासिक 350 वजनाला जवळजवळ तेवढीच, पण सीट खाली, आवाज शांत, आणि लेहमधल्या कुठल्याही मेकॅनिकला डोळे मिटून उघडता येते. तिला खडबडीत रस्त्यावर घाई केलेली चालत नाही. तुम्हाला घाई नसेल तर तिच्यात काही कमी नाही. हिरोची एक्सपल्स 200 फोर-व्ही 160 किलोच्या आतबाहेर आहे. पुढचं चाक 21 इंचांचं, म्हणून गोट्यांवरून सहज चढते. पण महामार्गावर नव्वदच्या पुढे तिला फार पळवू नये, इंजिनाचीही इच्छा नसते आणि आपलीही. आणि स्प्लेंडर? 112 किलोची स्प्लेंडर घेऊन खर्दुंग लाला गेलेली माणसं आहेत. पहिल्या गिअरमध्ये जातात, पण जातात.

नवी गाडी घेणाऱ्याने एक सरकारी रेघ लक्षात ठेवावी. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, आणि त्यावरच्या गाड्यांवर, जिथे सेस धरून 31 टक्के होता, तिथे 40. आपल्या डोंगराला 350 पुरतात, हे मी त्याआधीही सांगायचे; आता खिसाही सांगतो. आणि गाडी निघायच्या आदल्या आठवड्यात घेऊ नका. पहिलं सर्व्हिसिंग होऊन हजार-दोन हजार किलोमीटर चालली, की तिच्या कुठल्या नटबोल्टला सैल व्हायची सवय आहे ते कळतं.

सराव कुठे करू, असं विचारतात. आपल्या सह्याद्रीत. ताम्हिणीत ओल्या वळणावर ब्रेक किती धरायचा ते कळतं, वरंधा घाटात अरुंद रस्त्यावर समोरच्याला जागा द्यायची सवय लागते, आंबेनळीत उतारावर इंजिन ब्रेकिंग बोटांत भिनतं. सह्याद्री शिकवत नाही ती विरळ हवा. कळसूबाईचा माथा 1,646 मीटरवर, आणि श्रीनगर शहरच जवळपास तेवढ्या उंचीवर वसलंय. आपण जिथे संपतो तिथून ते सुरू होतात.

म्हणून रस्त्याची दिशा महत्त्वाची. मनालीहून गेलात तर 2,050 मीटरवरून निघून दुसरी रात्र सरचूला, 4,290 मीटरवर पडते. शरीराला तो उडीचा हिशेब मानवत नाही. रात्रभर डोकं ठणकतं, मळमळतं, झोप येत नाही. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा फार वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. श्रीनगरहून गेलात तर सोनमर्ग, जोजी ला (11,575 फूट), मग कारगिलला 2,676 मीटरवर मुक्काम, पुढे नमिका ला, फोटू ला आणि 3,500 मीटरवर लेह. चढ टप्प्याटप्प्याने येतो. जाताना श्रीनगर, येताना मनाली, हे मी सगळ्यांना सांगते. 2020 साली अटल बोगदा झाल्यावर परतीला रोहतांगही चढावा लागत नाही. लेहला पोचल्यावर दोन दिवस काही करू नका. खरंच काही नको, शांती स्तूपाच्या पायऱ्यासुद्धा नकोत. डायमॉक्सची, उंचीच्या त्रासावरची, गोळी मित्राने दिली म्हणून घेऊ नका, आपल्या डॉक्टरला विचारा. सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी तर नक्कीच. आणि डोकं दुखत असताना आणखी वर जाऊ नये, मग मागे ग्रुपवाले कितीही चिडवोत. वाढलं तर खाली उतरायचं.

नाल्यांचं एक. दुपारी ऊन तापलं की वरचं बर्फ वितळतं आणि सकाळी घोट्याएवढा असलेला नाला गुडघ्यापर्यंत येतो. पाण्याचा भाग पहाटे उरकावा. सप्टेंबरात वितळणंच कमी असतं. गणपती उठले की आपण निघावं, असं माझं मत, आणि तेव्हा रजाही मिळते.

किरकोळ: आरसी तुमच्याच नावाची हवी, कारण बाहेरून भाड्याने आणलेली गाडी लेहच्या आसपास फिरवू देत नाहीत. आपल्याकडचं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, पोस्टपेड घ्या. मनालीच्या रस्त्यावर तांडीच्या पंपाची, पुढचा पंप 365 किलोमीटरवर, अशी पाटी प्रसिद्ध आहे. टाकी तिथे भरावी. गाडी रेल्वेने पाठवणार असाल तर टाकी पूर्ण रिकामी करून, गोणपाटात गुंडाळून पार्सलला द्यावी लागते. पुण्याहून झेलम एक्सप्रेस जम्मूला जाते. आरसे काढून स्वतःजवळ ठेवा.

या सगळ्यानंतर एक प्रश्न हमखास हळू आवाजात येतो: "मिसेसला मागे बसवून नेऊ का?" नेता येतं, पुष्कळ जण नेतात. पण निम्म्या ताकदीच्या इंजिनावर दोन माणसं, दोघांच्या जाड जॅकेटांच्या बॅगा आणि वर पेट्रोलचा कॅन. मागच्या शॉकअपचा जीव जातो, आणि नाल्यात ती उतरली नाही तर गाडी निघत नाही, उतरली तर तिचे बूट ओले. लेहमध्ये भाड्याने गाड्या मिळतात. गाडी चालवता येते का आणि चालवायची आहे का, हे तुम्ही मला न विचारता आधी तिला विचारा.