एकच पोर्टल: लेकीची फी आणि दादाचं ठिबक

माझी मुलगी बीएचएमसीटी करतेय, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंटची चार वर्षांची पदवी. माझा भाऊ निफाडकडे द्राक्षं पिकवतो. तिच्या फीचा अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या योजनांच्या पोर्टलवर, आणि त्याच्या ठिबक सिंचनाच्या अनुदानाचाही महाडीबीटीवरच. दादाला मोबाइलवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत, म्हणून त्याचा अर्जही ऐरोलीत बसून मीच भरला. ओटीपी तिकडे जायचा आणि तो बागेतून ओरडून आकडे सांगायचा. तेवढ्यात मुदत संपायची, की पुन्हा नवा ओटीपी.

आधी मुलीचं सांगते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के मिळतं. पूर्वी ते निम्मं होतं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात तर विषय संपला. आमच्या ओळखीच्या एकांनी घराजवळचं कॉलेज मिळावं म्हणून कोट्यातून प्रवेश घेतला आणि आता पूर्ण फी भरतायत.

कागदांत सगळ्यात जास्त जीव खाल्ला तो दाखल्यांनी. नवी मुंबई म्हटलं तरी ऐरोली, वाशी, नेरूळ हे सगळं ठाणे तालुक्यात. त्यामुळे उत्पन्नाचा दाखला ठाण्याच्या तहसीलदारांचा. खारघरची माझी नणंद मात्र पनवेलला जाते, कारण तिचा जिल्हाच रायगड. जात वैधता नाशिकहून, कारण जातीचा मूळ दाखला तिकडचा. बारावीचा निकाल लागल्यावर वैधतेच्या मागे लागू नका, अकरावीतच अर्ज टाका. आणि नॉन-क्रिमीलेअर हातात आहे म्हणजे उत्पन्नाचा दाखला नको, असं बऱ्याच जणांना वाटतं. दोन्ही लागतात.

प्रवेशाच्या दिवशी कॉलेजच्या खिडकीवर ऐकवलं, "आधी सगळी फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ." मी त्या शासन निर्णयाची (जीआर) प्रिंट पुढे केली. क्लार्कबाईंनी ती वाचली नाही, पण आत नेली. बाहेर आल्यावर हमीपत्र लिहून घेतलं आणि शिक्षण शुल्क सोडून बाकीची फी घेतली. त्या बाकीत विकास शुल्क होतं, ते योजनेत बसत नाही. शेफ कोट, एप्रन, टोपी, जाड तळाचे काळे बूट आणि चाकूंचा संचही बसत नाही. "फी माफ" ऐकून निर्धास्त झालेल्यांनी हा खर्च आधीच बाजूला काढावा. चाकू एकदम कमी दर्जाचे घेऊ नयेत, पहिल्या सत्रात तेच सगळ्यात जास्त वापरले जातात. आमच्याकडे सध्या पोह्यांतला कांदासुद्धा मोजून मापून, एकसारख्या बारीक चौकोनांत पडतो. पोहे उशिरा होतात, तो भाग वेगळा.

पैसे अडकतात ते मात्र बँकेपाशी. अर्ज करताना तुम्ही कुठलंही खातं मनात धरा, डीबीटीचे (सरकारकडून थेट खात्यात येणारे) पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. मुलीचं आधार कुठे जोडलेलं निघालं? कधीकाळी मोबाइलच्या दुकानात सिमबरोबर उघडून दिलेल्या खात्याला, ज्याचा पिनही कोणाला आठवत नव्हता. बँकेत जाऊन आधार सीडिंगचा, म्हणजे खातं आधारला जोडण्याचा फॉर्म भरला आणि जोडणी बदलून घेतली. नुसतं केवायसी झालं म्हणजे सीडिंग झालं असं नाही, हे काउंटरवर स्पष्ट विचारून घ्यायचं.

दादाचं गणित वेगळं. शेतकऱ्यांच्या योजनांत आधी लॉटरी निघायची. २०२५ पासून जो आधी अर्ज करेल त्याला आधी, आणि फार्मर आयडी (शेतकऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक) सक्तीचा. अर्जाचे २३ रुपये ६० पैसे भरले की रांगेत नाव. ठिबकला लहान शेतकऱ्याला केंद्राच्या योजनेत ५५ टक्के, वर राज्याचा हिस्सा धरून ८० टक्क्यांपर्यंत अनुदान. ऐकायला फार गोड. पण आधी पूर्वसंमती, मग खरेदी, मग जीएसटीचं बिल अपलोड, मग मोका तपासणी, म्हणजे शेतावर येऊन पाहणी, आणि मग पैसे. म्हणजे पूर्ण रक्कम आधी दादाच्याच खिशातून. पूर्वसंमतीच्या आधीची तारीख बिलावर आली की अनुदान गेलं.

अडचण अशी की द्राक्षाला थांबता येत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. फळछाटणीनंतर पाणी आणि विद्राव्य खतं ठिबकनेच जातात, म्हणून नळ्या त्याआधी पसरलेल्या हव्यात. पूर्वसंमती सप्टेंबर उलटत आला तेव्हा मिळाली. दादाने गावच्या विकास सोसायटीकडून कर्जाची उचल घेऊन नळ्या आणल्या. तपासणीला सहायक कृषी अधिकारी आले (गावात अजूनही कृषी सहायकच म्हणतात), ओळींमध्ये उभं राहून जिओटॅग फोटो काढले, चहा घेऊन गेले. ज्याला उचल मिळत नाही, त्याला ही ८० टक्क्यांची योजना कागदावरच राहते, असं माझं मत झालंय. मुलींच्या फीत निदान कॉलेज थांबू शकतं. ठिबकचा दुकानदार थांबत नाही.

मुलीचा एक हप्ता जमा झाला, दुसऱ्याची वाट बघतोय. दुसऱ्या वर्षासाठी नूतनीकरणाचा अर्ज वेगळा करावा लागतो, त्याला पहिल्या वर्षाची गुणपत्रिका लागेल. दादा आता बागेवर घालायच्या प्लास्टिक आच्छादनाबद्दल विचारतोय, कारण अवकाळी पावसात मणी तडकून बाग जाते. राज्याने मध्यंतरी त्यासाठी निम्म्या खर्चाचं अनुदान प्रायोगिक तत्त्वावर आणलं होतं. ते पोर्टलवर आता दिसतंय का, हे बघायला त्याने मला रविवारी बसवलंय. उरलेलं निम्मं कुठून आणायचं, यावर तो आणि वहिनी अजून भांडतायत.